दहावीत मुलं आखूड होतात

धाकटी कामाच्या ठिकाणी मॅडम होती, परिषदांमध्ये डॉक्टर होती आणि दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आत आली की नुसती धाकटी होती. पस्तिशी गाठली तरी त्यात काडीचा फरक पडला नव्हता. शनिवारी दुपारी बसमधून उतरून ती थेट दुकानात आली, तेव्हा बाबांनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खांदे पाडून चालू नकोस. कोट खांद्यावर बसतो, पोटावर नाही."

दुकान होतं तसंच होतं. मधोमध कापायचं लांब टेबल, डाव्या हाताला दोन मशिनं, मागच्या भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा आणि आरशाशेजारी खिळ्याला टांगलेला पुठ्ठ्याचा एक पिवळा पडलेला तक्ता. शाळेचे गणवेश शिवणारं दुकान म्हणजे वर्षातले दोन महिने जीव मुठीत धरायचा आणि उरलेले दहा महिने लोकांच्या चेन बदलत बसायचं. हे त्या दहा महिन्यांतले दिवस होते, म्हणून दादाने तिचा कोट शिवायला घेतला होता. दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा. दारातून आत येताना मान वाकवावी लागेल एवढा उंच, आणि शब्द उसने आणल्यासारखा जपून बोलणारा. तोंडात टाचण्या धरल्या की विचारायलाच नको.

कोट गुरुवारसाठी होता. गुरुवारी धाकटीला निवड समितीपुढे उभं राहून पाऊण तास बोलायचं होतं. आठ वर्षं ती एका संशोधन संस्थेत तात्पुरती होती. दर दोन वर्षांनी मुदत वाढवून मिळायची आणि दर वाढीगणिक तिचे थोडे केस पांढरे व्हायचे. गुरुवारचं बोलणं जमलं तर ती कायम होणार होती, नाही जमलं तर सामान बांधायचं होतं. विभागप्रमुख बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "तुझा आलेख पाहिला की समिती मान डोलावणार. तू फक्त अडखळू नकोस."

"काय सांगणार आहेस त्यांना?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला कंटाळा येईल."

"चाळीस वर्षं काजं केली मी. मला कंटाळ्याची भीती घालतेस होय?"

दादाने तिला आरशासमोर उभं केलं आणि बाही टाचायला घेतली. हात वर धरून उभं राहण्यापलीकडे तिला काही काम नव्हतं, तेव्हा तिने सांगायला सुरुवात केली. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड वस्त्या. त्यांच्यात वायू असतो आणि त्या वायूचे नवे तारे घडतात. दहा अब्ज वर्षांपूर्वी हे काम सगळ्या विश्वात दणक्यात चाललं होतं. आता त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही उरलेलं नाही. ते कसं मंदावलं, हे शोधणं ही तिची नोकरी.

"दहा अब्ज वर्षांपूर्वीचं तुला काय ठाऊक?" बाबा म्हणाले.

"दिसतं ना. प्रकाशाला इथवर यायला वेळ लागतो. जी दीर्घिका जितकी लांब, तितकी ती जुन्या काळातली दिसते. फार लांबची पाहिली की तिचं बाळपण दिसतं."

दादाने एक टाचणी तोंडातून काढली. "मग तीच पुढे मोठी झालेली दिसते?"

"नाही, तिथेच तर सगळी गोची आहे. प्रत्येकीचा एकच क्षण दिसतो. एक फोटो, बस. तिची वाढ बघायची तर अब्जावधी वर्षं थांबावं लागेल." ती आरशात बघून हसली. "म्हणून आम्ही काय करतो, आकाशाचे थर पाडतो. बारा अब्ज वर्षांपूर्वीचा एक, मग दहा, आठ, सहा, असे सारख्या आकारमानाचे थर. प्रत्येक थरात ज्या दीर्घिका तारे घडवताहेत त्यांचा मी पट केला आणि त्या पटातल्या सगळ्यांत वजनदार हजार निवडल्या. या थरातल्या हजार मोठ्या झाल्या की पुढच्या थरातल्या हजार होतात, असं धरून त्या ओळीने लावल्या. त्यावरून कळलं की एकूण एक दीर्घिका सावकाश, शांतपणे मंदावत गेली. कुणी एकदम बंद पडलं नाही. सुंदर उतार आहे, बाबा. हाताने काढल्यासारखा."

बाबांनी कातर खाली ठेवली. "हा तर माझा तक्ता झाला," ते म्हणाले.

धाकटीला आधी हसू आलं. त्या तक्त्यावरून घरात एक चेष्टा चालत आली होती. कुणी काही लंगडी सबब सांगितली, दूध उतू घालवून गॅसच मोठा होता म्हणालं, की दुसऱ्याने गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, "हो, आणि दहावीत मुलं आखूड होतात." ते वाक्य तिने लहानपणापासून हजारदा ऐकलं होतं, हजारदा वापरलंही होतं. ते आलं कुठून हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. घरातल्या विनोदांचं असंच असतं, त्यांची जन्मतारीख कुणी विचारत नाही.

"म्हणजे कसा?" तिने आता विचारलं.

"अगं, शाळा उघडायच्या आधी गणवेश तयार पाहिजेत, आणि सुट्टीत पोरं मापाला येत नाहीत. म्हणून मी शक्कल काढली. शाळेत जाऊन एका दिवसात सगळ्या वर्गांची मापं घेतली. सहावीची सरासरी, सातवीची, आठवीची. दोन वर्गांत जेवढा फरक, तेवढी एका वर्षाची वाढ. मग प्रत्येक पोराच्या जुन्या मापात तेवढी बोटं मिळवायची आणि सुट्टीतच कापायला घ्यायचं. एकच पोरगं वर्षानुवर्षं कोण मोजत बसणार?"

"बरोबरच आहे की."

"मलाही तसंच वाटलं. सातवी ते आठवी दोन बोटं आली. आठवी ते नववी तीन बोटं. नववी ते दहावी," बाबांनी तर्जनी वर केली, "उणे एक."

"उणे?"

"दहावीची पोरं नववीच्या पोरांपेक्षा एक बोट बुटकी भरली. मी म्हटलं, माझी टेप ताणली गेली असेल. अभ्यासाने पोरं वाकून उभी राहत असतील. मनाची समजूत घालायला माणसाला किती वेळ लागतो? उणेवर काही माझा विश्वास बसला नाही, म्हणून शून्य धरलं आणि नववीच्या मापाच्याच पँटी दहावीसाठी शिवल्या. चाळीस पँटी. शाळा उघडली आणि चाळीसच्या चाळीस घोट्याच्या वर. हेडमास्तर दुकानात येऊन माझ्यावर डाफरले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, साहेब, दहावीत मुलं आखूड होतात."

ती खळखळून हसली. दादा हसला नाही, तो बाहीच बघत होता.

"पण बुटकी का भरली?" तिने विचारलं.

टेबलावरचा खडू उचलून बाबांनी त्याची धार अंगठ्याने तपासली. "नववीनंतर उंच पोरं शाळेत राहायचीच नाहीत गं. पंधराव्या वर्षी जो बापाच्या खांद्यापर्यंत आला, त्याला घरचे कामाला लावायचे. उरायची ती बारकी. मी दोन वर्ग मोजले, पण दहावीच्या वर्गात नववीतली सगळी पोरं नव्हतीच. गेली त्यांना मी मोजलंच नाही आणि राहिलेल्यांना बुटकं ठरवून मोकळा झालो."

धाकटीचे वर धरलेले हात आपोआप खाली आले. टाचणी दंडाला टोचली तरी तिला कळलं नाही.

तिच्या आलेखातही एक खळगा होता. आठ अब्ज आणि सहा अब्ज वर्षांपूर्वीच्या थरांच्या मध्ये त्या हजार दीर्घिकांचं सरासरी वजन वाढायचं सोडून कमी होत होतं. दीर्घिकेचं वजन असं कमी होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. तिने त्याला धूळ जबाबदार धरली होती. दीर्घिकांमधली धूळ प्रकाश अडवते, त्यामुळे वजन कमी भरतं, असं दोन ओळींत लिहून तिने खळगा बुजवला होता आणि ते कुणी विचारलंही नव्हतं. तिच्या पटावर फक्त तारे घडवणाऱ्या दीर्घिका होत्या. ज्यांनी तारे घडवणं थांबवलं, त्या कुठल्याच थरात नव्हत्या. तिनेच त्या काढून टाकल्या होत्या, आठ वर्षांपूर्वी, संगणकाला दिलेल्या एका ओळीच्या आज्ञेने, आणि ज्या फाइलीत टाकल्या तिला झोकात नाव दिलं होतं, 'बाद'.

"बस जरा," दादा म्हणाला. "पांढरी पडलीस."

ती अर्धवट टाचलेल्या कोटासकट स्टुलावर बसली. बाबांना वाटलं, ते सांगताहेत ते तिला लागलं. म्हणून त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं, जे सत्तावीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

"त्याच सुट्टीच्या अखेरीला मी जिन्यावरून पडलो आणि उजवं मनगट मोडलं, आठवतं? तू दुसरीत होतीस. हा म्हणाला, पंधरा दिवस मी मशीनवर बसतो, मग शाळेत जातो. पंधरा दिवसांत होण्यासारखंच होतं. पण त्या चाळीस पँटी परत आल्या. सगळ्या उसवायच्या, दुमड सोडायची, पुन्हा टीप मारायची, इस्त्री करायची. माझा हात गळ्यात. ह्याने स्वतःच्या वर्गातल्या पोरांच्या पँटी लांब केल्या. पंधरा दिवसांचा दीड महिना झाला आणि तोवर शाळेने ह्याचं नाव पटावरून कमी केलं." त्यांनी खडू टेबलावर ठेवला. "तक्ता बरोबर असता तर हा शाळेत गेला असता. माझ्यामुळे झालं ते."

"बाबा, तुमचं म्हणजे ना," दादा म्हणाला. "हात वर कर गं."

तिला दादाकडे बघवेना. दादाने शाळा सोडली हे तिला ठाऊक होतं. जसं घराचा दरवाजा कुठल्या दिशेला आहे ते ठाऊक असतं, तसं. सोडली म्हणजे त्याला शिकायचं नसेल, असं तिने कधीतरी आठ-नऊ वर्षांची असताना ठरवलं होतं आणि पुन्हा तपासलं नव्हतं. ती शिकत गेली, बक्षिसं आणत गेली, आणि तो खाली मशीनवर बसून राहिला. तिला शरम वाटली.

"दादा, एकाच पोराची वाढ कळायला काही मार्ग नसतो का?" तिने हळूच विचारलं. "वर्षानुवर्षं न मोजता?"

"असतो की. त्याची पँट उलटी करायची. दरवर्षी दुमड सोडली की जुन्या दुमडीची रेघ राहते, धुतली तरी जात नाही. रेघा मोजल्या की कळतं कुठल्या वर्षी किती वाढला." त्याने शेवटची टाचणी टोचली. "आणि कधी थांबला तेही कळतं."

रविवारी सकाळी ती संस्थेत पोचली तेव्हा पहारेकरी पेपर वाचत होता. तिने आपली खोली उघडली, संगणक लावला आणि 'बाद' उघडली. बाद ठरवलेल्यांच्या याद्या उघडताना माणसाला आपलीच जुनी पत्रं उघडल्यासारखं होतं, आपण इतके उद्धट होतो हे पटत नाही. तिने पुन्हा थर पाडले, पण आता पट वेगळा केला. घडवणाऱ्या आणि थांबलेल्या, दोन्ही एकत्र, वजनदार हजार. सहा अब्जांच्या थरात त्या हजारांपैकी सहाशे बारा थांबलेल्या निघाल्या. ज्या सगळ्यांत आधी भडकल्या, सगळ्यांत आधी मोठ्या झाल्या, त्याच आधी विझल्या होत्या, आणि तिच्या पटावर त्यांची जागा मागून आलेल्या बारक्या दीर्घिकांनी घेतली होती. खळगा नाहीसा झाला. त्यात धुळीचा काही दोष नव्हता.

सोमवारी आणि मंगळवारी तिने रेघा मोजल्या. थांबलेल्या दीर्घिकेच्या प्रकाशात तिच्या ताऱ्यांची वयं मिसळलेली असतात, नीट उलगडली तर केव्हा किती तारे घडले ते वाचता येतं. दोनशे दीर्घिका तिने अशा उलट्या करून पाहिल्या. सावकाश मंदावलेल्या जेमतेम तीस. बाकीच्यांनी जीव तोडून तारे घडवले होते आणि मग एकदम हात थांबवला होता. कुठली कुणाच्या आधी, कुठली नंतर. सगळ्यांची सरासरी काढली की तो सुंदर उतार दिसायचा, पण तसं जगलेल्या थोड्याच होत्या. आठ वर्षांचं काम तिच्या डोळ्यांदेखत जमीनदोस्त झालं, आणि ते पाडणारी तीच होती.

बुधवारी दुपारी तिने हे सगळं बाईंपुढे ठेवलं. बाईंनी शांतपणे पाहिलं. त्या हुशार होत्या, त्यांना दोन मिनिटांत कळलं.

"तू चूक काढलीस, चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "पण उद्याचा दिवस जुनंच दाखव. ते छापून आलेलं आहे, तपासून गेलेलं आहे. दुरुस्ती पुढच्या लेखात कर. सगळे असंच करतात, त्यात लबाडी नाही."

"खळग्याबद्दल विचारलं तर?"

"आठ वर्षांत कुणी विचारलं?"

"नाही."

"मग? उद्या तू हे दाखवलंस तर तुझ्याकडे पाडलेलं घर आहे, बांधलेलं नाही. समिती पाडलेल्या घराला कायम करत नाही. तुझ्या भल्याचं सांगतेय."

त्या खरोखरच तिच्या भल्याचं सांगत होत्या. वाईट माणसाचा सल्ला झिडकारणं सोपं असतं. चांगल्या माणसाचा पोटात घेऊन घरी जावं लागतं. ती घरी गेली आणि दोन्ही भाषणं तयार ठेवली.

गुरुवारी सकाळी अकराला ती कोट घालून उभी राहिली. कोट खांद्यावर अस्सा बसला होता की वाकायची सोयच नव्हती. समितीत सात जण होते. पहिलं चित्र तिने उताराचंच लावलं आणि खरोखरच दोघांनी मान डोलावली. तिने खळग्यावर बोट ठेवलं. धुळीचं वाक्य तिला तोंडपाठ होतं, जिभेवर येऊनही बसलं. ते बोललं की पुढचा पाऊण तास आणि पुढची पंचवीस वर्षं सरळ होती.

"इथे मी धूळ आहे असं लिहिलं होतं," ती म्हणाली. "ते चूक आहे. ज्या गेल्या त्यांना मी मोजलं नव्हतं." आणि तिने दुसरं भाषण लावलं.

बाईंनी डोळे मिटून घेतले. शेवटी एका वयस्कर सदस्याने विचारलं, "आठ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, मग तुमच्या आत्ताच कसं लक्षात आलं?"

"माझा भाऊ दहावीच्या वर्गात नव्हता, म्हणून," ती म्हणाली. त्यांना ते कळलं नाही, आणि तिने समजावलंही नाही.

शुक्रवारी निरोप आला. काम महत्त्वाचं आहे पण अपुरं आहे, निवड स्थगित, सहा महिन्यांची मुदतवाढ, तेवढ्यात नवीन लेख पूर्ण करून यावं. म्हणजे घोडं अडलेलंच, फक्त मेलेलं नाही. शनिवारी ती पुन्हा दुकानाच्या तीन पायऱ्या चढली.

"सहा महिने," तिने सांगितलं.

दादाने मान हलवली. "कोटात शिवणीला दोन बोटं सोडली आहेत. जाड झालीस तरी चालेल."

ती स्टुलावर बसली. दादा कुणाच्या तरी पँटची चेन उसवत होता. थोड्या वेळाने त्याने मान वर न करता विचारलं, "त्या थांबलेल्या म्हणजे संपल्याच का गं?"

"नाही रे. आहेत तिथेच आहेत. वजनाने सगळ्यांत भारी त्याच. नवे तारे घडत नाहीत, एवढंच. पण जे घडवले त्यातले बारके तांबडे तारे अजून कितीतरी अब्ज वर्षं जळत राहणार आहेत. त्या मंद दिसतात, म्हणून लोक पट करताना वगळतात. मीही वगळल्या." तिने स्टूल त्याच्याजवळ ओढलं. "दादा, मी तुला कधी विचारलंच नाही. चुकलं माझं."

"तू दुसरीत होतीस."

"आता नाही ना."

त्याने चेन उसवायची थांबवली. धाकटी उठून आरशाशेजारी गेली आणि तो पिवळा तक्ता तिने प्रथमच नीट वाचला. नववी ते दहावी या रकान्यात उणे एक खोडलं होतं, शून्यही खोडलं होतं आणि पुढे ठळक लिहिलं होतं, साडेतीन बोटं.

"बाबा, हे नंतर दुरुस्त कसं केलंत? गेलेल्या पोरांची मापं कुठून आणलीत?"

बाबा चष्मा पुसत होते. "आणायची कशाला? एक गेलेला इथेच बसला होता की. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ह्याला आरशापाशी उभा करून मोजायचो, उंची थांबेपर्यंत. अख्ख्या तक्त्यात तेवढंच एक माप खरं, एकाच पोराचं. त्यानंतर एकही पँट परत आली नाही."

दादा पहिल्यांदा मोठ्याने हसला. त्याने चेनचा तुकडा ओढून काढला आणि दिव्याकडे धरून बघितला.

"म्हणजे सत्तावीस वर्षं पोरं माझ्या मापाच्या पँटी घालून दहावी पास होताहेत," तो म्हणाला. "मी सोडून सगळी."